कमलमावशीच्या हाताचं माप

३ एप्रिल, गुरुवार

ईद होऊन तीन दिवस झाले आणि दुकानाकडे चिटपाखरूही फिरकत नाही. ईदच्या आधी दहा दिवस घास गिळायला फुरसत नव्हती. आता बसून बसून कंटाळा आला, म्हणून ही वही काढली.

मी नाहिद. लग्नाआधी हिंगोलीला बी.एस्सी. केलं, प्राणिशास्त्र घेऊन. त्याचा बांगड्या भरायला काय उपयोग, असं साजीद महिन्यातून एकदा तरी विचारतो. साजीद माझा नवरा. मोटारसायकलला पेटी बांधून कनेरगाव नाक्यापासून हट्ट्यापर्यंतचे बाजार करतो. इथं नरसीत देवळाच्या रस्त्यावरच्या दुकानात मी आणि अम्मी. अम्मी म्हणजे माझी सासू. गावाला ती हलीमाभाभी.

अम्मींना माप घ्यायची पट्टी लागत नाही. बाईचा हात हातात घेतला, अंगठ्याखालचं हाड एकदा दाबलं, की झालं. सव्वादोन इंच, मग दोन-सहा म्हणजे दोन इंच सहा आणे, मग अडीच, मग दोन-दहा, सगळ्यात शेवटी पावणेतीन. पावणेतीनची बाई वर्षातून एखादी येते. गिऱ्हाइकाचं नाव त्या विसरतात, हात विसरत नाहीत. परवा एक बाई बारा वर्षांनी आली. अम्मी म्हणाल्या, "तू अडीचवाली, डाव्या करंगळीला मोड आलेली." बाईने पदर तोंडाला लावला.

मला तीन वर्षांत एवढंच जमलंय की बांगडी फुटली तर हात कापत नाही.

१० एप्रिल, गुरुवार

कमलमावशी आल्या होत्या. त्यांचं गाव इथून तीन किलोमीटर. तिथल्या शाळेत त्या खिचडी शिजवतात. भीमजयंतीच्या बांगड्या तीस वर्षांपासून अम्मींकडेच भरतात, कितीही घाई असली तरी दुसऱ्या दुकानात जात नाहीत.

"निळ्या काढ भाभी, एक डझन. बारीक चमकीच्या."

अम्मींनी हात धरला, हाड दाबलं, परत एकदा दाबलं. मग मला म्हणाल्या, "दोन-दहा दे." दोन-दहा अंगठ्याच्या मुळाशीच अडली. मी साबणाचं पाणी लावलं. अम्मींनी हात चोळून चोळून मऊ केला. तरी कचकन आवाज आला.

"वाढली," मावशी म्हणाल्या. बांगडीला फुटली म्हणायचं नसतं. "भाभी, मी लई जाड झाले का गं?"

"जाड न्हाई झालीस. कोपरापाशी हात हाय तेवढाच हाय."

"मग ह्येच काहून फुगून राहिलेत? पायाचं बी तसंच. आता मालकाच्याच चपला घालून राहिले. ते म्हणतेत, बरं झालं, एका जोडात दोघांचं भागतं." मावशी हसल्या. दातांमध्ये फटी पडल्यात, आधी नव्हत्या. एवढं ऊन नसताना गळ्यापर्यंत घाम आलेला. अंगठी मागच्या साली सोनाराकडून कापून काढली म्हणे.

अम्मींनी पावणेतीनच्या भरल्या. निळ्यात पावणेतीन नव्हत्या, हिरव्या भरल्या. मावशी म्हणाल्या, "चालतंय." पण जाताना हात पदराखाली घेतला.

त्या गेल्यावर अम्मी फुटलेले तुकडे तळहातावर घेऊन बसून राहिल्या. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "आत पापड जळाला वाटतं." आम्ही पापड भाजलेच नव्हते.

११ एप्रिल, शुक्रवार

अम्मींनी डाळीत दोनदा मीठ घातलं. माझ्यावर राग दिसतोय. मी साबण कमी लावला म्हणून बांगडी गेली, असं त्यांना वाटत असणार.

१४ एप्रिल, सोमवार

मावशींच्या गावी जयंतीला जेवायला गेलो होतो, मी आणि साजीद. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, पोरांची लेझीम. मावशी सगळ्या बायांच्या मागे. फोटो काढायची वेळ आली की त्यांना नेमकं पाणी भरायचं सुचायचं. एकदा वळल्या आणि बाजूच्या स्पीकरच्या खोक्याला धडकल्या. खोकं माझ्याएवढं होतं. म्हणाल्या, "बाजूचं दिसत न्हाई बाई आजकाल, समोरचं बराबर दिसतं."

त्यांचे मालक भिवाजीकाका गवंडी आहेत. मोठा मायाळू माणूस. ताटात वाढता वाढता म्हणाले, "आधी हिच्या गाण्याबिगर जयंती व्हत नव्हती. आता म्हणत न्हाई. जीभ जड झाली म्हणते. घोरते मात्र अशी की शेजारचं कुत्रं उठतं."

मावशींनी त्यांच्या पाठीत पळी घातली. पण गाणं काही म्हटलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार

माझं ठरलंच होतं. मावशींना थायरॉईड आहे. अंग सुजतं, आवाज घोगरा होतो, थकवा येतो, सगळं जुळतं. मंगळवारी त्यांना हिंगोलीला नेलं, रक्त दिलं. आज रिपोर्ट आला. थायरॉईड एकदम व्यवस्थित. सहा वर्षांपासूनची शुगर मात्र गोळ्या चालू असूनही वरच.

साजीद आता मला "डॉक्टरीनबाई, चहा मिळंल का" असं विचारतो.

मीही मग चिडून पेटीतून बी.एस्सी.चं पुस्तक काढलं. ग्रंथींचा धडा. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, ती वाढीचं हार्मोन सोडते. लहानपणी ते जास्त झालं तर माणूस ताडमाड होतो, हे परीक्षेला लिहिलं होतं. त्याच्या खालच्या चार ओळी तेव्हा सोडून दिल्या होत्या, कारण त्यावर प्रश्न येत नाही असं सर म्हणाले होते. मोठ्या वयात ते हार्मोन जास्त झालं तर उंची वाढत नाही. हात, पाय, नाक, ओठ, जबडा वाढतात. हळूहळू, वर्षानुवर्षं. रोज बघणाऱ्याला कळत नाही.

अम्मींना मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला त्या उठून आत गेल्या. त्यांना अभ्यासाचा पहिल्यापासून कंटाळा.

३ मे, शनिवार

आजचा दिवस नीट लिहून ठेवायचा आहे.

नांदेडच्या हार्मोनच्या डॉक्टर रीता जोगदंड महिन्यातल्या पहिल्या शनिवारी हिंगोलीत बसतात. मावशींना नेलं. भिवाजीकाका काम सोडून आले, सिमेंटच्याच कपड्यात. डॉक्टरबाई चाळिशीच्या असतील. कागद बघायच्या आधी त्यांनी हात पुढे केला, आपण पाहुण्याशी मिळवतो तसा. मावशींनी लाजत हात दिला. डॉक्टरांनी तो लवकर सोडलाच नाही.

"कधीपासून असा आहे?"

"पहिल्यापास्नंच असंल," मावशी म्हणाल्या.

"जुने फोटो आहेत का?"

फोटो नव्हते, आधारकार्डावरचा तर ओळखूच येत नाही. मुलीच्या लग्नाचा अल्बम पुरात भिजला, त्यानंतर मावशींनी फोटोच काढू दिला नाही. डॉक्टर म्हणाल्या, कधी सुरू झालं हे कळलं तर फार मदत होईल. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी अम्मींना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"अम्मी, कमलमावशीचा हात कधीपासून वाढला?"

पलीकडे दुकानात गिऱ्हाईक होतं. "ही लाल नक्को, ती मेंदी रंगाची बघ," असं कुणाला तरी म्हणाल्या आणि मग, एक श्वास न घेता, "संध्याच्या, तिच्या पोरीच्या लग्नात सव्वादोन. तेरा साल. विहाराचं उद्घाटन झालं तवा दोन-सहा, ते सतरा साल. कोरोनाच्या आधीच्या जयंतीला अडीच. मागच्या तीन सालापासून दोन-दहा, ते बी साबण लावून. अवंदा पावणेतीन."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं होतं. त्यांनी सगळं परत विचारून लिहून घेतलं. म्हणाल्या, "हे सांगणारं मशीन माझ्याकडे नाही. या आजारात निदानाला सरासरी सहा-आठ वर्षं उशीर होतो, का ते आज कळलं. आम्ही बाईला एकदाच बघतो." मग फोनकडे वाकून म्हणाल्या, "आजी, पाच-सहा वर्षांपूर्वी कळलं असतं तर गाठ अगदी बारीक असती. पण अजूनही वेळ गेलेली नाही."

 पलीकडून फोन बंद झाला. नरसीत रेंज अशीच जाते.

घरी आले तर अम्मी जेवल्या नव्हत्या. उपास का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "पोट भरलंय."

१७ मे, शनिवार

आयजीएफ नावाच्या तपासणीचा रिपोर्ट आला, तो घेऊन आम्ही नांदेडला डॉक्टरांकडे गेलो. वाढीचं हार्मोन अंगात किती काम करून राहिलंय ते त्यात दिसतं. मावशींच्या वयाला असावं त्याच्या तिप्पट. एरवी ग्लुकोजचं गोड पाणी पाजून दोन तास रक्त तपासतात. निरोगी माणसात त्याने हे हार्मोन खाली जातं. पण मावशींना शुगर आहे आणि आकडा इतका वर आहे, तर डॉक्टर म्हणाल्या, त्याची गरज नाही, सरळ एमआरआय करू.

मावशी हिरमुसल्या. "सहा वर्सांत पयल्यांदा कुणी गोड प्या म्हणलं, ते बी रद्द."

भिवाजीकाकांनी विचारलं, हे झालं कशानं? खाण्यात काही आलं का? कुणाची नजर? डॉक्टर म्हणाल्या, "कशानंच नाही. त्या ग्रंथीतली एक पेशी बिघडते आणि वाढत जाते. तुमची चूक नाही, त्यांची नाही, कुणाचीच नाही."

हे मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. अम्मींनी "कुणाचीच न्हाई असं म्हणाल्या?" हे दोनदा विचारलं.

२८ मे, बुधवार

नांदेडला एमआरआय झाला. गाठ आहे. बोराएवढी. कॅन्सरची नाही. डोळ्यांच्या नसांना खालून टेकली आहे, म्हणून बाजूचं दिसत नाही. डोळ्यांची तपासणी पण तेच सांगते. काढली नाही तर नजर जाईल, हृदयावर पण ताण आहे. ऑपरेशन संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात, सरकारी योजनेतून. कवटी उघडत नाहीत, नाकातून जातात.

मावशींनी सगळं शांतपणे ऐकलं. मग एकच विचारलं, "मह्यं तोंड आधीसारखं व्हईल का?"

डॉक्टर म्हणाल्या, "सूज उतरेल. हात, ओठ, जीभ हलकी होईल. पण हाड वाढलंय ते तसंच राहील. खोटं नाही सांगणार."

"मग कशाला नाकात सुया खुपसून घेऊ," मावशी म्हणाल्या आणि उठल्या. एसटीत हिंगोलीपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. शाळेतली पोरं त्यांना पैलवानमावशी म्हणतात, हे मला काकांनी आज हळूच सांगितलं.

८ जून, रविवार

दहा दिवस मावशींनी फोन उचलला नाही. मी गप्प बसले नव्हते. पुस्तकातून आणि डॉक्टरांना विचारून एक माहितीपत्रक तयार केलं, साध्या मराठीत, चित्र काढून, चार पानांचं. साजीदच्या हाती पाठवलं.

काल बकरी ईद झाली, आज मावशी भेटायला आल्या. अम्मींनी मला चहा टाकायला पाठवलं. दूध नव्हतं, ते आणायला जावं लागलं. परत आले तर दोघी दुकानात जमिनीवर बसलेल्या, अम्मींच्या मांडीवर मावशींचा हात. अम्मींच्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. रस्त्यावर धूळ फार.

मावशी म्हणाल्या, "करते ऑपरेशन."

चार पानांचा उपयोग झाला तर. मावशींना विचारलं, पत्रक आवडलं का. त्या म्हणाल्या, "चांगलं हाय गं. चष्मा मोडलाय, वाचायचं ऱ्हायलं." म्हणजे काकांनी वाचून दाखवलं असणार.

२१ जून, शनिवार

नवी नोकरी. म्हणजे नोकरी नाही, पण काम.

डॉक्टर जोगदंड हार्मोनच्या आजारांवर संशोधन करतात. आजार किती उशिरा कळतात, का उशिरा कळतात, हा विषय. मला फोन करून म्हणाल्या, बाईचा हात दर वर्षी हातात घेणारं माणूस बांगडीवाल्याशिवाय दुसरं कुणी नाही. दवाखान्याच्या समितीची परवानगी घेतलीय. मी फॉर्म भरायचे. आजचं माप, आधीचं आठवत असेल तर ते, वजन, शुगर आहे का, आणि बाईची सही. नको म्हणाली तर नाही भरायचा.

अम्मींना सांगितलं. वाटलं, खूश होतील. म्हणाल्या, "आधीचं माप मला विचार. सगळ्यांचं." आणि परत बांगड्या पुसायला लागल्या, पुसलेल्याच.

४ जुलै, शुक्रवार

माझी फजिती.

दोन आठवड्यांत एकसष्ट फॉर्म झाले आणि मला जिकडेतिकडे हार्मोन दिसायला लागलं. साजीदचे कान मोजले. काल पुनम मॅडम आल्या, प्राथमिक शाळेच्या. दोन-चार महिन्यांत एक माप वाढलेलं, हात फुगलेले. दुकानात पाच बाया होत्या. मी जाणकाराच्या आवाजात म्हटलं, "मॅडम, तुमचं हार्मोन बिघडलंय, तपासून घ्या."

मॅडम लाल झाल्या. त्यांना चौथा महिना आहे. सासरी अजून सांगितलं नव्हतं. बायांच्या नजरा आधी त्यांच्या पोटाकडे आणि मग एकमेकींकडे गेल्या. संध्याकाळपर्यंत पूर्ण नरसीत पेढ्यांची मागणी झाली.

डॉक्टरांना फोनवर सांगितलं. त्या आधी हसल्या आणि मग चांगलं झापलं. "निदान तू करायचं नाहीस. माप लिहायचं. काही वाटलं तर बाईला एकटीला, हळू, इतकंच सांगायचं की एकदा दाखवून या."

आज मॅडमच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चिंच मागवली माझ्याकडून. माफ केलं असं धरते.

१२ जुलै, शनिवार

हार फुलं विकणाऱ्या आशाबाईंना एकटीला, हळू सांगितलं होतं. हात सुजलेले, आवाज बसलेला, आणि उन्हाळ्यात पण गोधडी लागायची. तपासणी झाली, थायरॉईड खूप कमी निघालं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. म्हणजे माझं थायरॉईड बरोबरच होतं, फक्त बाई चुकली होती.

साजीदने हे ऐकून चहा स्वतः केला.

२० जुलै, रविवार

उद्या आषाढातली दुसरी, परतवारीची एकादशी. नरसीत वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी, पाय ठेवायला जागा नसते. आणि मावशींना दाखल करायची तारीख पण उद्याचीच. मी जाणार, हे ठरलेलं. सकाळी बघते तर अम्मींनी पिशवी भरलेली. दोन लुगडी, तसबीहची माळ, भाजलेले शेंगदाणे.

साजीद म्हणाला, "अम्मी, उद्या दुकान कोण बघंल? मी एकटा?"

"बंद ठेव."

"एकादशीला?"

"गर्दी पुढच्या सालीबी येती," अम्मी म्हणाल्या. माझ्या माहितीत त्या नरसीच्या बाहेर तीन वर्षांत दोनदा गेल्या आहेत, दोन्ही वेळा मयतीला. मोठं शहर बघायची हौस असेल म्हणा.

२३ जुलै, बुधवार

ऑपरेशन आज झालं. सकाळी नऊला आत नेलं. साडेतीन तास. भिवाजीकाका जिन्याच्या पायऱ्या वर-खाली करत होते. मध्येच एका पायरीपाशी थांबून म्हणाले, "ही पायरी अर्धा इंच चुकलीय," आणि रडले. मी पाणी दिलं. अम्मी भिंतीला टेकून मणी ओढत होत्या. एकदाही विचारलं नाही किती वाजले.

ऑपरेशन करणारे डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, गाठ बहुतेक सगळी निघाली, नस मोकळी झाली. काकांनी त्यांचे पाय धरले. अम्मी उठल्याच नाहीत. पायाला मुंग्या आल्या म्हणाल्या.

संध्याकाळी काकांनंतर मला आणि अम्मींना भेटायला सोडलं. मावशींच्या नाकात कापूस, डोळे सुजलेले. तोंडाने श्वास घेत होत्या. कापसामुळे बोलणं समजत नव्हतं. दोनदा विचारल्यावर कळलं, "एकादशीला दुकान काहून बंद ठेवलं?"

२८ जुलै, सोमवार

पाणी किती प्यायलं आणि लघवी किती झाली, हे मोजून लिहायचं काम मावशींनी काकांना दिलंय. या ऑपरेशननंतर ते बघावं लागतं. काका गवंड्याच्या पद्धतीने लिहितात, सकाळी एक तांब्या, दुपारी दीड. नर्सने आज त्यांना मापाचं भांडं दिलं.

शिंकायचं नाही, वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही. मावशी म्हणाल्या, "मंग जगायचं कसं?"

पण आज सकाळी त्यांनी उजवीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ती खिडकी तिथंच व्हती का?" पाच दिवस त्या खिडकीपाशीच झोपल्यात. आम्ही तिघंही खिडकीकडे बघत बसलो. बाहेर टाकीशिवाय काही नव्हतं.

१६ ऑगस्ट, शनिवार

मावशींची शुगर उतरली, दोन गोळ्यांची एक झाली. घोरणं कमी. काका म्हणतात, आता झोप येत नाही, घरात कुणी नाही असं वाटतं.

माझे फॉर्म दीडशेच्या वर गेले. सप्टेंबरचे बाजार सुरू झाले की वही उघडायला वेळ मिळणार नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

तीन महिन्यांची तपासणी. आकडा खूप खाली आला, पण अगदी बरोबरीत नाही, जरासा वर. काही पेशी उरल्या असतील. आठवड्याला दोनदा एक गोळी, आणि सहा महिन्यांनी परत एमआरआय. मला वाईट वाटलं, मला शंभरपैकी शंभर पाहिजे होते. मावशींना नाही वाटलं. म्हणाल्या, "नजर आली, हात हलका झाला. तोंड ह्येच हाय तर ह्येच. मालकाला चालतंय."

शाळेत रुजू झाल्यात. एका पोराने पैलवानमावशी म्हटलं, तर त्याला विचारलं म्हणे, "कुस्ती खेळतू का?" पोराने नाही म्हटलं. त्याला खिचडी जास्त वाढली.

९ नोव्हेंबर, रविवार

आज हिंगोलीत बैठक झाली. डॉक्टर जोगदंडांना हे काम पूर्ण जिल्ह्यात करायचं आहे. सगळीकडचे मिळून अकरा बांगडीवाले आले, सात बाया, चार पुरुष. कमलमावशी आणि काका खास पाहुणे.

डॉक्टरांनी पडद्यावर चित्रं दाखवली. मग मी बोलले. आठ दिवस पाठ केलं होतं. ग्रंथी, हार्मोन, लक्षणं, फॉर्म कसा भरायचा, कुणाला काय सांगायचं नाही. पुनम मॅडमचा किस्सा नाव न घेता सांगितला. लोकांनी नीट ऐकलं, दोघांनी जांभई दिली. वसमतचे इब्राहीमचाचा तर डोळे मिटून बसले होते.

मग डॉक्टर म्हणाल्या, "हलीमाआजी, तुम्ही दोन शब्द बोला." मी घाबरले, अम्मी कधी चारचौघांत बोलत नाहीत. पण त्या उठल्या.

"मी हलीमा. नरसीची. ह्या कमलला तीस साल झाले बांगड्या भरून राहिले. तुमाला वाटंल, हिचा आजार मी पकडला. डॉक्टर तसंच सांगतेत. ते खरं न्हाई." त्यांनी पदर सारखा केला. "हात वाढून राहिला, बाई वाढून न्हाई राहिली, हे मला सतरा सालीच कळलं. एकोणीसला परत कळलं. दर जयंतीला कळत व्हतं. मी काय केलं? मोठी बांगडी काढून दिली. गिऱ्हाइकाला वाईट वाटंल, दुसऱ्याच्या दुकानात जाईल, म्हणून बोलले न्हाई. मंग पुढं पुढं मलाच भ्या वाटायला लागलं, आता बोलले तर ती विचारंल, आधी काहून न्हाई सांगितलं. आठ साल. तेवढ्यात तिची नजर चालली व्हती. तुमी तसं करू नका. मला एवढंच बोलायचं व्हतं."

 मी खुर्चीवर बसले होते आणि मला एकेक दिवस आठवत होता. डाळीतलं मीठ, न जेवलेली संध्याकाळ, आठ जूनला मला दुधाला पाठवून दोघींचं झालेलं बोलणं. मी इतके महिने समजत होते की त्या माझ्यावर चिडल्यात.

अम्मी तशाच उभ्या होत्या, खाली बसायचं विसरल्यासारख्या. दुसऱ्या रांगेतून मावशी बोलल्या. आवाज अजून जरा जाड आहे, पण शब्द स्वच्छ.

"भाभी, हात तर महाच व्हता ना. मला तरी कुठं कळला? आन् तवा तू बोलली असतीस, तर मी म्हणले असते, बांगड्या भर गप, डॉक्टरकी नको करू."

कुणीतरी हसलं. मग सगळेच.

"हौ," अम्मी म्हणाल्या, "म्हणली असतीस."

"मंग बस की आता. इकडं ये."

मावशींनी काकांना उठवलं आणि त्यांच्या खुर्चीवर अम्मींना बसवलं. काका भिंतीशी जाऊन उभे राहिले.

चहा यायचा होता, तेवढ्यात इब्राहीमचाचा उठले. डोळे मिटून बसले होते, पण झोपले नव्हते. टोपी काढून हातात धरली. "डॉक्टरसाब, हट्ट्याला माझं एक गिऱ्हाईक हाय. तिशीतली बाई. चार सालांत तीन मापं वाढली. जोडवी काढून टाकली, पायात बसत न्हाईत म्हणे. मला बी वाटत व्हतं काहीतरी." टोपी या हातातून त्या हातात गेली. "मी बी बोललो न्हाई."

डॉक्टरांनी हळूच विचारलं, "घर माहीत आहे?"

"माहीत हाय. उद्याच जातो म्हणा. पण एकट्या पुरुषानं जाऊन काय सांगायचं?"

मी येते, असं मी म्हणणार होते. अम्मी माझ्या आधी बोलल्या. "मी येते."

मावशी म्हणाल्या, "मी बी. मह्या हाताकडं बघून तिला लवकर समजंल."

परतीच्या एसटीत दोघी एका सीटवर होत्या. पूर्ण रस्ता काकांच्या खुर्चीवरून भांडत होत्या, की त्यांना उठवायला नको होतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

अम्मी पहाटेपासून पिशवी घेऊन दारात बसल्यात. गाडी साडेसातची आहे.